माहेरचा हिस्सा

माणिकबाईच्या हातचं धुणं म्हणजे धुणं. पंगतीला बसलेल्या सगळ्या गावाच्या धोतरांतून तिच्या नवऱ्याचं, केशवरावांचं, धोतर कोणतं, हे कोणतीही बाई लांबून सांगायची. पंगत उठली की बायका एकमेकींना कोपरानं ढोसत, "पाह्य व, बगळा चालला." केशवराव रंगानं उडदासारखे काळे आणि धोतर दुधासारखं, म्हणून ही मस्करी. माणिकबाईला त्याचा राग येत नसे. उलट दुसऱ्या दिवशी ती हौदात जरा जास्तच सोडा टाकायची.

आता अशा बाईच्या हातून, तिच्या पहिल्यावहिल्या नातीची बाळोती काळी निघावी, याला काय म्हणायचं?

त्याचं असं झालं. सून शकुन बाळंतपणाहून परत आली तेव्हा पोरगी तीन महिन्यांची होती. बाळंतपण माहेरी झालं, अकोल्याच्या अलीकडच्या एका खेड्यात, सूर्यभानच्या घरी. सूर्यभान म्हणजे शकुनचा बाप आणि माणिकबाईचा सख्खा भाऊ. म्हणजे सून ही मुळात भाचीच. वऱ्हाडात मामाची पोरगी करून आणायची रीत जुनी, त्यात माणिकबाईनं हट्टच धरला होता. "करीन तं माह्या भावाचीच पोरगी करीन. बाहेरची आनून तिच्यासंग डोकं कोन फोडन?" केशवराव म्हणाले, कर बाप्पा. मुलाला, म्हणजे देवीदासला, कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो नाही म्हणणार नव्हता, कारण मामाच्या घरी गेला की लहानपणापासून त्याचा पाय तिथून निघत नसे, आणि तो काही मामासाठी नव्हे.

माहेरी बाळोती केली होती आईच्या जुन्या काळ्या-हिरव्या लुगड्यांची. त्या रंगावर काय कप्पाळ दिसणार? इथं मात्र माणिकबाईनं नवऱ्याची जुनी धोतरं फाडली. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. आजोबाच्या धोतरात नात वाढते, तिला आजोबाचं आयुष्य लागतं, असं म्हणतात. पहिल्याच दिवशी तिनं ओली बाळोती सोड्याच्या पाण्यात भिजत घातली, चुलीवरचं पाहून परत आली, तर पाणी चहासारखं झालेलं आणि कापडावर काळेभोर डाग. तिनं घासले. दगडावर आपटले. डाग हटेनात.

पोरगी मात्र ठणठणीत. आजी वाकली की गालाला खळ्या पाडून हसायची, मूठ तोंडात कोंबायची, आणि रात्री आईला झोपू द्यायची. इतकं शहाणं लेकरू घरात कुणी पाहिलं नव्हतं. नाव ठेवलं होतं शालू.

माणिकबाईनं आधी वांगी बंद केली, मग गूळ. शकुन बिचारी भाकर आणि मेथी खाऊन राहिली. मग विहीर बदलली, पाटलाच्या विहिरीवरून पाणी आणलं. मग सोडा सोडून रिठे घेतले. रिठ्यानं डाग जरा कमी आला, पण आलाच. शेवटी ती बाळोती पहाटेच धुऊन गोठ्याच्या मागं वाळत घालू लागली, वरून एक गोधडी टाकून. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण घरात गोदाबाई होती. गोदाबाई म्हणजे केशवरावांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, दोन लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हापासून भावाच्या घरी. वाईट बाई नव्हती हो. पण ज्याची दोन लेकरं पाळण्यात जातात त्याला पाळण्याचीच भीती बसते. मांजर आडवं गेलं, कुत्रं रडलं, दूध उतू गेलं, प्रत्येक गोष्टीचा ती अर्थ लावत बसायची. एके दिवशी तिनं ती गोधडी उचलली.

"माणिक, हे काय हाये?"

"डाग हायेत. धुनं राह्यलं नीट."

"तुह्या हातचं धुनं राह्यलं?" गोदाबाई म्हणाली. "कोनाले सांगून राहिली तू?"

त्या दिवशी संध्याकाळी ती एका बाळोत्याचा तुकडा पदरात बांधून शेजारच्या गावच्या भगताकडे गेली. भगतानं तुकडा हुंगला, लिंबू कापलं, आणि सांगितलं की लेकराच्या अंगात काळं उतरलं आहे. ते या घरचं नाही. जिथून आलं तिथं पोचवा, म्हणजे तुमचं घर सुटेल.

जिथून आलं तिथं म्हणजे कुठं, हे गोदाबाईला विचारावंही लागलं नाही. सुनेचं माहेर. तिनं भावाच्या कानी घातलं. अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण जवळ आला होता. अखजीला लेकी माहेरी जातातच, कुणाला काही सांगावं लागत नाही. तेव्हा शकुनला पोरीसकट धाडायचं आणि मग आणायला कुणी जायचंच नाही. वर्षभरानं देवीदासचं दुसरं लग्न लावू. गावात बोभाटा नाही, भांडण नाही, साप मरे आणि काठी न तुटे.

केशवराव हा माणूस चुलतभावांशी वावराच्या वाटणीसाठी पंधरा वर्षं कोर्टात भांडला होता. वकिलाला कलम सांगायचा. पण घरातल्या बायकांचं बोलणं आलं की त्याला तोंड नव्हतं. बहिणीची दोन लेकरं त्यानं स्वतःच्या हातांनी पुरली होती, ते त्याच्या डोळ्यांपुढून जात नसे. "पाहू," एवढंच तो म्हणाला, आणि गोदाबाईनं त्या 'पाहू'चा अर्थ 'हो' असा घेतला.

माणिकबाईच्या कानी हे आलं. भांडून उपयोग नव्हता. म्हणून तिनं वाट वाकडी केली. "अखजीच्या आंदी पोरीले अंबादेवीच्या पायावर घालून आनते," ती म्हणाली. देवीला नाही कोण म्हणणार? देवीदासनं दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपली, आणि सासू, सून आणि पोरगी अमरावतीला निघाली.

देवीचं दर्शन झालंच. पण त्यानंतर दमणी वळली ती लीलाबाई डॉक्टरिणीच्या दवाखान्याकडे. तिचं नाव माणिकबाईनं बाजारात ऐकलं होतं: मुंबईला शिकलेली, अजून तिशीतली, आणि बायकांना धसमुसळेपणा न करता तपासते.

लीलाबाईनं पोरगी तपासली. छाती, पोट, डोळे, कान. मग म्हणाली, "बाळ चांगलं आहे. तक्रार काय?" माणिकबाईनं पिशवीतून बाळोतं काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरीण ते बघतच राहिली. पोरीनं नुकतंच ओलं केलेलं दुसरं फडकं तिनं मागून घेतलं, त्याचे दोन तुकडे केले. एक सोड्याच्या पाण्यात टाकला, एक लिंबाच्या पाण्यात. लिंबातला तसाच राहिला. सोड्यातला बघता बघता तपकिरी झाला, मग काळा. आणि डॉक्टरिणीचा चेहरा असा उजळला की जणू तिला कुणी पेढा दिला.

माणिकबाईचं टाळकं सटकलं. "आमी इथं मरून राहिलो आन् तुमाले हासू येऊन राहिलं, बाई?"

लीलाबाई खरोखर ओशाळली. "चुकलं माझं, मावशी. हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. लाखांत एखाद्यालाच असतं. उभ्या जन्मात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं." मग तिनं नाव सांगितलं, अल्कॅप्टोन्युरिया. देवीदासनं दाराशी उभ्या उभ्या ते पुटपुटून पाहिलं. त्याला त्यातलं 'कॅप्टन' तेवढं कळलं, आणि पलटणीतल्या रोगाशी आपल्या पोरीचा काय संबंध, असं त्याला वाटलं.

"नाव राहू द्या," लीलाबाई म्हणाली. "काय होतं ते सांगते. आपण जेवतो, त्या अन्नाचं रक्त होतं, मांस होतं, आणि थोडा गाळ उरतो. तो गाळ मोडून टाकायला शरीरात एक गडी असतो. तुमच्याकडे वर्षाच्या बोलीनं सालदार ठेवतात ना, तसा समजा. या कामाला प्रत्येक माणसाला दोन सालदार मिळतात. एक आईकडून, एक बापाकडून. त्यातला एक झोपाळू निघाला तरी बिघडत नाही, दुसरा सगळं काम ओढतो. मालकाला जन्मभर पत्ता लागत नाही की आपला एक गडी नुसता झोपून आहे. पण एखाद्या लेकराला दोन्हीकडून झोपाळूच आले, तर गाळ तसाच राहतो आणि लघवीतून बाहेर पडतो. पडतो तेव्हा पाण्यासारखाच असतो. वारा लागला, सोडा लागला, की काळा होतो."

"म्हंजे माह्या सोड्यानं झालं?"

"सोड्यानं दिसलं. नाहीतर बऱ्याच जणांना म्हातारपणापर्यंत कळत नाही."

"मंग करनी नाही?"

"करणी नाही. लागण नाही. बाळाच्या आईनं काही खाल्लं-प्यालं त्याचाही दोष नाही. मावशी, हा वारसा आहे."

या शब्दानं माणिकबाई चांगलीच चमकली. वारसा हा शब्द तिनं घरात पंधरा वर्षं ऐकला होता, वकील, तारखा आणि नकाशे यांच्याबरोबर. आणि ही गोष्ट एकोणीसशे चौतीस सालची. पोरीला बापाच्या वावरात वाटा मागता येईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

"बाईमानसाले कुठला वारसा, बाई?" ती म्हणाली. "माहा बाप गेला तं सारं वावर सूर्यभानले गेलं. मले लुगडं-चोळी भेटली. वारसा बापाकडून पोराले जाते. ही तं पोरगी हाये."

लीलाबाई हसली, पण या वेळी माणिकबाईला राग आला नाही. "या वारशाला कोर्ट नाही, मावशी. इथं मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा हिस्सा. आई देते तितकाच बाप देतो." मग तिनं विचारलं, "बाळाचे आईबाप लग्नाआधी नात्यातले का?"

"आत्या-मामाचे. ही माह्या भावाची पोरगी हाये."

पुढचं डॉक्टरिणीनं फार सांभाळून सांगितलं. असला झोपाळू गडी एखाद्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या निवांत झोपलेला असतो. त्या घरची लेक बाहेर गेली, तिथं दुसऱ्या घराशी सोयरीक झाली, की सहसा झाकून जातं. पण एकाच घराच्या दोन फांद्या परत एकत्र आल्या, की दोन झोपाळू एका ठिकाणी येऊ शकतात. येतीलच असं नाही. पुढच्या लेकराला येईल न येईल. चारात एकाला, असं पुस्तक म्हणतं, पण त्याचा नेम नाही. "लग्न चुकलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "तुमच्या माहेरी कुणाला म्हातारपणी पाठीचा ताठा, गुडघ्यांचं दुखणं, कान निळसर पडलेले, असं होतं का?"

माणिकबाईच्या डोळ्यांपुढं पार्बता आत्या उभी राहिली. तिच्या बापाची बहीण. माणिकबाईची आई तापानं गेली, तेव्हा त्या आत्यानंच तिला आणि सूर्यभानला वाढवलं. कमरेत वाकलेली, काठी टेकत चालायची, आणि कानाच्या पाळ्या जांभळासारख्या. सगळे म्हणायचे, चांदीच्या जड बाळ्यांनी कान निळे पडले. बिचारीनं त्या बाळ्या काढून ठेवल्या, पण कान काही गोरे झाले नाहीत.

"किती वर्षं जगल्या त्या?"

"मस्त म्हातारी होऊन गेली. दात पडले तरी ऊस चोखे."

"मग तुमची नातही जगेल," लीलाबाई म्हणाली. "यावर औषध नाही, खोटं सांगत नाही. चाळिशीकडे पाठ धरेल, गुडघे धरतील. तोवर हसेल, खेळेल, नांदेल. बाळोती काळी होतील, होऊ द्या."

शकुननं पोरगी छातीशी धरली आणि ती रडायला लागली. सुटल्यासारखी रडली. माणिकबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तिचं डोकं भलतीकडेच चाललं होतं. सूर्यभानमध्ये एक झोपाळू. त्याचा शकुनकडे गेला. देवीदासमध्ये दुसरा. आणि देवीदासकडे तो आला कुठून?

परतीच्या वाटेवर गाव दिसायला लागल्यावर देवीदास म्हणाला, "माय, घरी सांगून टाकू सारं."

"पाहू," माणिकबाई म्हणाली. नवऱ्याचाच शब्द तिच्या तोंडून निघाला.

घरी गेल्यावर ती एवढंच म्हणाली की डॉक्टरिणीलाही दाखवली, पोरगी चांगली आहे. "मंग बाळोती काळी काहून?" गोदाबाईनं विचारलं. माणिकबाई चुलीत फुंकर मारत बसली.

खरं सांगायचं तर ती भ्याली होती. या घरात ती बारा वर्षांची आली. गोदाबाईच्या हाताखाली तिनं काय काय सोसलं ते तिचं तिला ठाऊक. भाकर करपली तर माहेर निघायचं, मीठ जास्त झालं तर माहेर निघायचं. आता कुठं तिच्या कमरेला किल्ल्या आल्या होत्या, गोदाबाईही तिला विचारून कोठीला हात लावायची. आणि आता सांगायचं, की हे काळं तुमच्या घरात मीच आणलं? तुमच्या पोरातही आहे, माझ्यापायीच आहे? आणि हे लग्नही मीच हट्टानं जमवलं? ती मनाशी म्हणायची, शकुन काही दिवस जाईल, लोक विसरतील, मग मीच कसंतरी करून आणीन. आणि हे खोटं आहे हेही तिला माहीत होतं. एकदा न आणलेली सून परत आणता येत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कुणाला?

अखजीच्या आदल्या दिवशी दमणी दारात आली. माणिकबाई सांजोऱ्यांचा डबा घेऊन आतल्या खोलीकडे गेली. दार लोटलेलं होतं. शकुन गाठोडं बांधत होती. सणाला जाणारी पोरगी दोन लुगडी नेते. हिनं कुंकवाचा करंडा, हिवाळ्याची गोधडी, भिंतीवरचा आरसा, सगळं घेतलं होतं. म्हणजे तिला कळलं होतं. देवीदास तिच्यापुढं उभा होता.

"मी आत्ता सांगतो बाबाले," तो म्हणाला. "अर्धं माह्याकडून आलं. तू एकटी काहून भोगशीन?"

"तुमाले माही आन हाये," शकुन म्हणाली. "तुमच्याकडून म्हनलं का मंग आत्याबाईकडून निघते. या वयात त्यायले घरच्या-दारच्याचं ऐकाले लागन. मी तं माह्या बापाच्या घरी जाऊन राहीन. त्या कुठी जातीन?" तिनं गाठोड्याची गाठ आवळली. "मले लहानपनी माय मारे तवा मी आत्याच्याच पदरात लपो. मी नाही सांगू देत."

माणिकबाईच्या हातातला डबा खाली ठेवायचीही तिला शुद्ध राहिली नाही. तो तसाच घेऊन ती माघारी फिरली. एवढीशी पोरगी, विशीही न गाठलेली, आपलं अख्खं आयुष्य गाठोड्यात बांधून निघाली होती, ती आत्याला बोल लागू नये म्हणून. आणि आत्या चुलीत फुंकर मारत बसली होती. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिनं दोन लुगडी फडक्यात बांधली. बाहेर आली. अंगणात केशवराव उभे होते, ओट्यावर गोदाबाई, कुंपणापलीकडे शेजारच्या दोघी-तिघी. शकुन पोरीला घेऊन दमणीत चढली होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. माणिकबाई कुणाकडे न बघता दमणीशी गेली, चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवला आणि वर चढून सुनेशेजारी बसली.

"तू कुठी चालली?" केशवराव म्हणाले.

"माहेरी."

"सनाले?"

"नाही. कायमची." तिनं किल्ल्या कमरेच्या काढून मांडीवर ठेवल्या. "भगत काय म्हन्ते? जिथून आलं तिथं पोचवा. मंग पोचवा ना. हे पोट्टीनं नाही आनलं. हिच्या आंदी म्या आनलं. लगन होऊन या दारी उतरली, तवाच ते माह्या संग उतरलं. तुमाले दिसलं नाही, मले बी दिसलं नाही."

शकुननं तिचा हात धरला. "आत्याबाई, नका."

"तू चूप राह्य." माणिकबाईनं हात सोडवून घेतला. डॉक्टरिणीनं सांगितलेलं तिनं सगळं सांगितलं. दोन सालदार, त्यातला झोपलेला, पार्बता आत्याचे कान, सोडा आणि लिंबू. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमी हिश्श्याचे जानकार. ऐका मंग. माह्या बापानं मले वावर देल्लं नाही, विहीर देल्ली नाही, सारं भावाले देल्लं. हा एक हिस्सा तेवढा दोघाले सारखा देल्ला. त्याचा त्यानं शकुनले देल्ला, माहा म्या देवीदासले देल्ला. या लेकरात दोन्ही एकजागी झाले. आता ते धाडाचं असन तं दोघीले धाडा. आमचं माहेर एकच हाये. तिले एकटीले मी जाऊ देनार नाही."

देवीदास जुवाजवळ उभा होता. तो म्हणाला, "आन् मी बी." बापापुढं एवढं बोलायची त्याची ती पहिलीच वेळ.

केशवरावांनी कोर्टात विचारतात तसं एक एक विचारायला सुरुवात केली.

"डॉक्टरनीनं असं सांगतलं?"

"हो."

"लेकराच्या जिवाले धोका नाही?"

"नाही. म्हातारपनी पाठ दुखन. तुमची नाही दुखत?"

"देवीदासले काही होनार नाही?"

"त्याचा एक गडी जागा हाये. तो तुमच्याकडचा."

"माह्याकडचा," केशवराव म्हणाले. "मंग तो झोपलेला, तो माह्या घरचा नाही म्हन्तं?"

"नाही जी," माणिकबाई म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुमचं घर साफ हाये. तुमचा याच्यात काही हिस्सा नाही."

गोदाबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला, तो सगळ्यांना ऐकू आला. केशवरावांनी मात्र तो टाकला नाही. ते दमणीकडे बघत राहिले. आतून शालूनं आईच्या पदराबाहेर एक मूठ काढली होती आणि ती हवेत कशाला तरी मारत होती.

"रोगात नसन माहा हिस्सा," ते म्हणाले. "पोरीत तं हाये ना?"

ते पुढं झाले आणि सुनेपुढं दोन्ही हात पसरले. सासऱ्यानं सुनेसमोर असं उभं राहायची रीत नव्हती, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. "आन इकडं," ते म्हणाले. "माहा हिस्सा मी कोनाच्या माहेरी जाऊ देत नाही. देवीदास, बैल सोड."

शकुननं पोरगी त्यांच्या हातांत दिली. पोरीनं आजोबाच्या मिशीला हात घातला, आणि व्हायचं तेच झालं. ते बगळ्यासारखं धोतर मांडीपासून खाली ओलं झालं. शेजारणी बघत होत्या. केशवराव तसेच उभे राहिले.

ओट्यावरून गोदाबाई उठली. सगळ्यांना वाटलं आता ही काहीतरी बोलणार. ती दमणीपर्यंत आली, भावाच्या हातातल्या लेकराकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. "उन्हात काहून उभे हा?" ती म्हणाली. "लेकराची टाळू तापन. सावलीत आना." आणि पोरीच्या डोक्यावर तिनं आपला पदर धरला.

देवीदास बैल सोडत होता. शकुन उतरली. नवऱ्यावर माणिकबाईची माया होतीच, इतक्या वर्षांचा संसार होता. पण त्या दिवशी ओल्या धोतरात उभा असलेला तो काळासावळा माणूस तिला इतका आवडला, इतका आवडला, की दमणीतून उतरायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.